बँकॉकमध्ये पहिल्यांदा फिरताना: आधी रूळ, मग पाणी, शेवटी रस्ता

बँकॉकचा नकाशा पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तेथील अंतरे हमखास फसवतात. सुखुमवित रस्त्यावरच्या हॉटेलपासून राजवाडा आठ-नऊ किलोमीटरवर दिसतो आणि टॅक्सीने अर्ध्या तासात पोहोचू, असा हिशेब कोणीही सहज मांडतो. संध्याकाळी पाचनंतर याच अंतराला तास-दीड तास लागू शकतो. याला केवळ गाड्यांची संख्या कारणीभूत नाही. १७८२ मध्ये राजा राम पहिला याने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर ही राजधानी वसवली तेव्हा ती कालव्यांची नगरी होती, आणि आधुनिक पद्धतीचा पहिला मोठा रस्ता, चारोएन क्रुंग, तेथे १८६० च्या दशकात झाला. पुढे शहर पूर्वेकडील भातखाचरांत पसरत गेले, तेव्हा मुख्य रस्त्यांना काटकोनात फुटणाऱ्या लांबलचक गल्ल्या तयार झाल्या. या गल्लीला तेथे ‘सोय’ म्हणतात. अनेक सोय पुढे कोठेच निघत नसल्याने आतली सारी वाहने पुन्हा त्याच मुख्य रस्त्यावर येऊन साचतात.

म्हणून नवख्याने क्रम पक्का ठेवावा: जेथे रूळ पोहोचतात तेथे गाडीने जावे, जेथे रूळ नाहीत पण पाणी आहे तेथे बोटीने जावे, आणि या दोन्हींनी भागत नसेल तेवढ्याच अंतरासाठी रस्त्यावरचे वाहन घ्यावे. हॉटेलच्या निवडीपासून परतीच्या विमानापर्यंत पुढील सर्व सूचना याच क्रमावर बेतलेल्या आहेत.

निघण्यापूर्वी

थायलंडमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाला १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचे असते आणि सरकारी संकेतस्थळावर त्याला शुल्क नाही. तेव्हा पैसे मागणारे पान समोर आले, तर आपण दुसऱ्याच कोणाच्या दारात शिरलो आहोत असे समजून मागे फिरावे. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत. त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकाच्या सांगण्यावर विसंबू नये, तिकीट काढण्याच्या दिवशी नियम स्वतः पाहावा.

हॉटेल निवडताना बहुतेक लोक खोलीचे भाडे आणि न्याहारी पाहतात. बँकॉकमध्ये त्याआधी स्थानक पाहावे. हॉटेलपासून बीटीएस (खांबांवरून धावणारी शहर रेल्वे) किंवा एमआरटीचे (बहुतांश भुयारी रेल्वेचे) स्थानक दहा मिनिटांच्या पायी अंतरावर असेल, तर दोन-तीनशे बाथ (थायलंडचे चलन) जास्त गेले तरी ते रोजच्या टॅक्सीत आणि वेळेत वसूल होतात. मात्र जाहिरातीतील ‘स्थानकापासून ८०० मीटर’ हे अंतर एखाद्या सोयच्या आत असू शकते, जेथे पदपथ अरुंद असतो किंवा नसतोच, आणि दुपारच्या उन्हात सामानाच्या चाकांचा खडखडाट ऐकत चालताना ते दुप्पट वाटते. पहिल्या खेपेला असोक, साला देंग किंवा फाया थाय या स्थानकांच्या परिसरात राहणे सोयीचे, कारण येथे दोन वेगवेगळ्या मार्गांची अदलाबदल होते. मंदिरे आणि जुने शहर हाच मुख्य हेतू असेल, तर साम योत किंवा सनाम चाय या भुयारी स्थानकांजवळ राहावे. तरुण प्रवाशांत प्रसिद्ध असलेल्या खाओ सान रस्त्याजवळ मात्र रूळ नाहीत. तेथे राहणाऱ्याने नदीचा धक्का कोठे आहे हे आधी पाहून ठेवावे.

हॉटेलचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक थाई लिपीत मोबाइलमध्ये जतन करून ठेवावेत. अनेक टॅक्सीचालकांना रोमन अक्षरांतला नकाशा वाचण्याची सवय नसते, आणि आपण उच्चारलेले नाव त्यांना कळेलच याची खात्री नसते.

नावांची गोम

या नावांच्या बाबतीत देवनागरी वाचणाऱ्याला एक लाभ मिळतो, तो सहसा कोणी सांगत नाही. बँकॉकमधील अनेक स्थळनामे संस्कृत-पालीतून आलेली आहेत. ती लिहिताना मूळ रूप बरेचसे जपले जाते आणि उच्चारताना पार बदलते. ‘द’चा ‘थ’ होतो, ‘ग’चा ‘ख’, ‘ब’ आणि ‘भ’ या दोघांचाही बहुधा ‘फ’, शेवटचा ‘र’ जाऊन ‘न’ येतो आणि शेवटचा स्वर गळतो. हे ध्यानात आले की विमानतळाचे ‘सुवन्नफूम’ हे नाव म्हणजे आपली सुवर्णभूमी हे कळते. शहराला स्थानिक लोक बँकॉक म्हणतच नाहीत, ‘क्रुंग थेप’ म्हणतात, आणि त्यातील ‘थेप’ म्हणजे देव. ‘महानखोन’ म्हणजे महानगर. ‘रात्चथेवी’ स्थानक म्हणजे राजदेवी. ‘रात्चदाफिसेक’ या लांबलचक नावाच्या रस्त्यात राजा राम नववा याच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाचा ‘रजताभिषेक’ दडलेला आहे. ह्वाय ख्वांग चौकातील गणपतीला लोक ‘फ्रा फिखनेत’ म्हणतात, तो विघ्नेश. एरवी निरर्थक वाटणारी नावे अशी फोड केली की लक्षात राहतात, आणि घोषणेतील नाव कानावर पडताच आपले स्थानक आले हे समजते.

रोमन लिप्यंतराला मात्र एक ठरलेली पद्धत नाही. एकच नाव फलकावर, तिकिटावर आणि मोबाइलच्या नकाशावर तीन प्रकारे लिहिलेले दिसू शकते. म्हणून स्थानकाच्या नावाबरोबर त्याचा अक्षर-अंकी सांकेतिक क्रमांकही पाहावा, तो सगळीकडे सारखा असतो.

विमानतळावरून शहरात

बँकॉकला दोन विमानतळ आहेत. तिकिटावर ‘बीकेके’ असे संक्षिप्त नाव असेल तर विमान पूर्वेकडील सुवर्णभूमी विमानतळावर उतरते आणि ‘डीएमके’ असेल तर उत्तरेकडील ‘दोन म्वांग’ या विमानतळावर (येथे ‘दोन’ हा आकडा नव्हे, नावाचाच भाग आहे). भारतातून जाणाऱ्या काही स्वस्त सेवा दोन म्वांगवर उतरतात. त्यामुळे पुढचे विमान पकडायचे असल्यास दोन्ही तिकिटांवरील संक्षिप्त नावे जुळवून पाहावीत. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, हेही तेव्हाच मोजावे.

सुवर्णभूमीवर सामान घेतल्यावर खुणा पाहत तळघरात उतरावे. तेथून २०१० मध्ये सुरू झालेली विमानतळ रेल्वे सुटते. अंतरानुसार १५ ते ४५ बाथ तिकीट देऊन ती साधारण अर्ध्या तासात फाया थाय या शेवटच्या स्थानकावर पोहोचवते, जेथे बीटीएसची सुखुमवित मार्गिका मिळते. असोककडे जायचे असेल तर मक्कसान स्थानकावर उतरून पादचारी पुलावरून फेत्चबुरी या एमआरटी स्थानकात जावे, तेथून सुखुमवित हे पुढचेच स्थानक. पैसे बदलायचे असल्यास बाहेर पडताच समोर दिसणाऱ्या खिडक्यांवर घाई करू नये. रेल्वे स्थानकाच्या पातळीवरील खिडक्यांचा भाव बहुधा चांगला असतो. परदेशी कार्डावर यंत्रातून रोख काढताना स्थानिक बँका दर वेळी दोनशे बाथपेक्षा जास्त शुल्क घेतात, त्यामुळे थोडेथोडे काढणे महागात पडते.

मध्यरात्रीनंतर रेल्वे बंद असते. अशा वेळी टॅक्सीसाठी तळमजल्यावरील यंत्रातून रांगेची चिठ्ठी घ्यावी, तिच्यावरील क्रमांकाच्या जागी उभ्या असलेल्या टॅक्सीत बसावे आणि ती चिठ्ठी उतरेपर्यंत जवळच ठेवावी. मीटरच्या रकमेवर विमानतळाचे ५० बाथ आणि द्रुतगती मार्गाचा टोल प्रवाशालाच द्यावा लागतो. ही फसवणूक नव्हे, तसा नियमच आहे. दोन म्वांगवरून लाल मार्गिकेची रेल्वे २०२१ पासून क्रुंग थेप अफिवत या मध्यवर्ती स्थानकापर्यंत येते आणि तेथे बांग स्वे नावाचे एमआरटी स्थानक जोडलेले आहे. ए-१ क्रमांकाची बसही मो चित येथील बीटीएस स्थानकापर्यंत सोडते.

रुळांवरून

शहरातील रेल्वे एकाच छत्राखाली नाही, आणि नवख्याचा सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. खांबांवरून धावणारी बीटीएस ५ डिसेंबर १९९९ रोजी सुरू झाली. तिच्या सुखुमवित आणि सिलोम या दोन हिरव्या मार्गिका सयाम स्थानकात भेटतात. बहुतांश भुयारी असलेली एमआरटीची निळी मार्गिका २००४ मध्ये आली. दोन्ही व्यवस्था वेगळ्या असल्याने एकीतून दुसरीत जाताना बाहेर पडून नवे तिकीट घ्यावे लागते. भरीस भर म्हणजे एकाच चौकातील दोन स्थानकांची नावेही निरनिराळी आहेत. बीटीएसचे असोक ते एमआरटीचे सुखुमवित, बीटीएसचे साला देंग ते एमआरटीचे सिलोम, बीटीएसचे मो चित ते एमआरटीचे चतुचक पार्क. या तीन जोड्या पाठ केल्या तरी पहिल्या आठवड्याचे काम भागते.

तिकिटाचेही दोन प्रकार आहेत. बीटीएससाठी रॅबिट नावाचे कार्ड पारपत्र दाखवून घेता येते आणि त्यात पैसे भरता येतात. दोन-तीन दिवसांसाठीच आला असाल तर यंत्रातून दर वेळी सुटे तिकीट घेतले तरी चालते. आत गेल्यावर ते जपून ठेवायचे असते, बाहेर पडताना मात्र यंत्र ते गिळून टाकते. निळ्या मार्गिकेवर प्लास्टिकची गोल चकती मिळते. आत जाताना ती टेकवायची आणि बाहेर पडताना खाचेत टाकायची. तेथे बँकेचे संपर्करहित कार्ड थेट टेकवूनही जाता येते, फक्त भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आणि संपर्करहित सुविधा दोन्ही घरूनच चालू करून घ्याव्यात. प्रत्येकाला स्वतःचे वेगळे कार्ड लागते. एकाच कार्डावर साऱ्या कुटुंबाला आत घेता येत नाही.

निळ्या मार्गिकेचा आकार मराठी नऊच्या आकड्यासारखा आहे, म्हणजे एक वळसा आणि त्याला जोडलेली शेपटी. था फ्रा स्थानकाशी ती स्वतःलाच छेदते. त्यामुळे फलाटावर गाडीच्या अंतिम स्थानकाचे नाव पाहूनच चढावे. जुन्या शहरात जाण्यासाठी सुखुमवितहून ‘लाक सोंग’ असे लिहिलेली गाडी घ्यायची असते.

गाडीत खाणे-पिणे चालत नाही आणि ड्युरियन हे उग्र वासाचे फळ नेण्यास मनाई आहे. भिक्खूंसाठी आणि वृद्धांसाठी राखलेल्या जागा मोकळ्या दिसल्या तरी सोडाव्यात. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्थानकात राष्ट्रगीत लागते, तेव्हा सगळे जागच्या जागी उभे राहतात. आपणही तसेच उभे राहावे, गाडी सुटली तरी दुसरी पाच मिनिटांत येते.

पाण्यावरून

बँकॉकमधील सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत आनंदाचा प्रवास नदीतला आहे. सिलोम मार्गिकेवरील सफान ताकसिन स्थानकातून खाली उतरले की साथोन हा मध्यवर्ती धक्का लागतो. येथून धावणाऱ्या बोटींवर रंगीत झेंडे असतात आणि त्या झेंड्यावरूनच बोट ओळखायची. केशरी झेंड्याची बोट दिवसभर धावते, बहुतेक महत्त्वाच्या धक्क्यांवर थांबते आणि कोठेही उतरलात तरी तिचे तिकीट साधारण १६ बाथ असते. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांसाठी असून ती महाग पडते. धक्क्यावरील विक्रेते परदेशी चेहरा पाहून आधी तिचेच तिकीट पुढे करतात, तेव्हा ‘थोंग सोम’, म्हणजे केशरी झेंडा, एवढे दोन शब्द उच्चारावेत.

बोट धक्क्याला टेकते ती काही क्षणांपुरती. खलाशी शिट्ट्यांनी चालकाला खुणा करतो, दोर खुंट्याला गुंडाळतो, आणि लोक चढले न चढले तोच सोडतो. म्हणून उतरायच्या धक्क्याच्या एक थांबा आधी मागच्या बाजूस सरकून उभे राहावे, लहान मुलांचा हात धरावा आणि मोठी बॅग असेल तर हा मार्ग टाळावा. रात्चवोंग धक्का चिनी वस्तीसाठी, था तियन वाट फो मंदिरासाठी, था चांग राजवाड्यासाठी आणि फ्रा आथित खाओ सानसाठी. समोरच्या काठावरील वाट अरुण मंदिरात जाण्यासाठी था तियनहून काही बाथांत पलीकडे सोडणारी वेगळी होडी आहे. केशरी बोटींची वर्दळ संध्याकाळी आटोपते, त्यामुळे रात्रीच्या परतीसाठी तिच्यावर अवलंबून राहू नये.

शहराच्या पोटातून जाणारा सेन सेप कालवा १८३७ मध्ये, राजा राम तिसरा याच्या काळात, व्हिएतनामशी चाललेल्या युद्धासाठी सैन्य नेता यावे म्हणून खोदण्यास घेतला होता. आज त्यातून नोकरदारांच्या बोटी भरधाव धावतात. पाणी स्वच्छ नाही, म्हणून कडेला बसलेले प्रवासी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर धरतात, आणि वाहक डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरील काठावरून चालत तिकिटे देतो. प्रतूनाम येथे बोट बदलावी लागते. खरेदीच्या भागातून असोककडे परतताना, ऐन गर्दीच्या वेळी, या बोटीला तोड नाही. वृद्धांना मात्र तिच्यात चढणे-उतरणे जड जाते.

रस्त्यावरून

सुखुमवित रस्त्याच्या उत्तर बाजूच्या सोयना विषम आणि दक्षिण बाजूच्या सोयना सम क्रमांक आहेत, परंतु दोन्ही बाजूंचे क्रमांक समोरासमोर येत नाहीत. थोंग लो म्हणजे सोय ५५, आणि तिच्या जवळपास समोर सोय ३८ आहे. पत्ता शोधताना बाजू चुकली की माणूस किलोमीटरभर भलतीकडे जातो. त्यामुळे सोयच्या क्रमांकापेक्षा जवळचे स्थानक आणि त्याच्या बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांक विचारणे शहाणपणाचे.

टॅक्सीच्या पुढील काचेत लाल दिव्याची थाई अक्षरे चमकत असतील तर ती रिकामी आहे. दार उघडून ठिकाण सांगावे आणि ‘मीटर’ म्हणावे. बोलण्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्राप’ आणि स्त्रीने ‘खा’ जोडले की विनंतीला अदब येते. मीटर ३५ बाथपासून सुरू होतो. चालकाने ठोक रक्कम सांगितली तर वाद न घालता दार लावून पुढची टॅक्सी पाहावी. दुपारी तीन-चारच्या सुमारास चालकांची पाळी बदलते, तेव्हा नकार जास्त मिळतात, आणि मे ते ऑक्टोबर या पावसाळ्यात सरीच्या वेळी तर मोबाइलवरून मागवलेली गाडीही सहज मिळत नाही. तासभर जवळच्या मॉलमध्ये थांबणे त्यापेक्षा बरे.

तीन चाकांची टुकटुक ही आपली रिक्षाच, पण मीटर नसलेली. हौसेखातर एकदा बसावे, भाडे आधी ठरवून. वीस-तीस बाथांत तीन-चार मंदिरे दाखवतो असे कोणी म्हणाले, तर मधला थांबा रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात आहे असे समजावे. सोयच्या तोंडाशी केशरी जाकिटे घालून बसलेले दुचाकीवाले स्थानकापासून आत एक-दोन किलोमीटर सोडतात, दरांचा फलक तेथेच लावलेला असतो, आणि घाईच्या वेळी त्यांच्याइतके कामाचे वाहन नाही. तरीही हेल्मेट मागून घ्यावे, आणि आपल्या प्रवास विम्यात दुचाकीवरील अपघात धरला आहे का हे आधी वाचावे.

रस्ता ओलांडताना पट्ट्यांवर गाडी थांबेल असे गृहीत धरू नये. पादचारी पूल शोधावा. सयाम ते चित लोम हे अंतर तर रुळांखालील उंच पादचारी मार्गावरून, रस्त्याला पाय न लावता, चालत जाता येते, आणि चित लोमला उतरले की एरावन येथील ब्रह्मदेवाचे छोटे मंदिर समोरच आहे.

एक दिवस प्रत्यक्ष

समजा मुक्काम असोकला आहे. सकाळी आठच्या सुमारास सुखुमवित स्थानकातून लाक सोंगची गाडी घ्यावी आणि नवव्या थांब्यावर, सनाम चायला, उतरावे. हे स्थानक राजवाड्याच्या दिवाणखान्यासारखे सजवलेले आहे, पाच मिनिटे तेथेच रेंगाळायला हरकत नाही. प्रथम राजवाडा करावा, कारण तो साडेआठला उघडतो आणि तिकिटे दुपारी साडेतीनला बंद होतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. वाटेत एखादा सभ्य दिसणारा गृहस्थ ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून टुकटुक दाखवील. त्याला हसून नमस्कार करावा आणि दरवाजापर्यंत स्वतः जाऊन पाहावे. नंतर परत दक्षिणेकडे चालत वाट फोमधील ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहावा, था तियनहून होडीने वाट अरुणला जावे, आणि उतरत्या उन्हात केशरी झेंड्याच्या बोटीने साथोन गाठून बीटीएसने परतावे. या संपूर्ण दिवसात टॅक्सी एकदाही लागत नाही.

शहराबाहेर जाताना आणि परतताना

लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवत स्थानकातून सुटतात. १९१६ पासूनचे जुने ह्वा लाम्फोंग स्थानक अजून चालू आहे आणि तेथून काही साध्या गाड्या निघतात, म्हणून अयुथ्थया या जुन्या राजधानीला जाताना आपली गाडी कोणत्या स्थानकातून आहे हे तिकिटावर पाहावे. उत्तरेकडील बसचे आगार ‘मो चित’ म्हणून ओळखले जाते, परंतु ते मो चितच्या बीटीएस स्थानकाला लागून नाही, काही किलोमीटर दूर आहे. नावावर विसंबून मी दोन बॅगा घेऊन त्या स्थानकात उतरलो होतो आणि बस डोळ्यांदेखत नव्हे, पण घड्याळादेखत गेली. पटायासाठी एकमाय स्थानकाजवळील आगार सोपे पडते. थेट विमानतळावरून जायचे असेल तर सुवर्णभूमीवरूनही बस मिळते, शहरात येण्याची गरज नाही.

परतीच्या दिवशी पुन्हा एकदा तिकिटावर ‘बीकेके’ की ‘डीएमके’ हे पाहून मगच निघावे. विमान मध्यरात्रीनंतरचे असेल, आणि मुंबईची अनेक विमाने तशीच असतात, तर रात्री नऊ-दहाच्या विमानतळ रेल्वेने जाऊन बसावे. शेवटच्या गाडीची वाट पाहू नये. रॅबिट कार्ड घरी न्यायला हरकत नाही, ते अनेक वर्षे चालते.